रित्या ढोलीतून फुलणारी परसबाग

भंडारा हे नाव उच्चारले की 'भांडार' हा शब्द आपोआप ओठांवर येतो. अभ्यासक या नावाचा उगम 'भाणारा' या जुन्या रूपात शोधतात आणि त्यासाठी रतनपूर येथील बाराव्या शतकातील शिलालेखाचा दाखला देतात. तरीही वैनगंगेच्या खोऱ्यातील या धानाच्या जिल्ह्याला भांडाराचा अर्थ मनापासून शोभतो. भंडारा, तुमसर, मोहाडी, साकोली, लाखनी, लाखांदूर आणि पवनी या सात तालुक्यांतील कोणत्याही जुन्या गावात घरामागे डोकावले, तर साठवणीच्या साधनांचा एक छोटा संसारच दृष्टीस पडतो. शेणामातीने सारवलेली बांबूची ढोली, गंज चढू लागलेली पत्र्याची कोठी, तडा गेलेली सिमेंटची टाकी, जनावरांचा जुना कोठा आणि त्याला टेकून उभे असलेले सरपणाचे छप्पर असे ते दृश्य असते. यांतील बहुतेक साधने आज रिकामी आहेत. घरातील तरुण मंडळी ती मोडून जागा मोकळी करण्याच्या विचारात असतात, तर वडीलधाऱ्यांचा जीव त्यांत गुंतलेला असतो. या ओढाताणीत एक तिसरी वाट सहसा विचारात घेतली जात नाही. ती वाट म्हणजे या साठवणींना घरामागच्या बागेच्या कामाला लावणे.

भांडारे रिती का झाली

ढोली हे पूर्व विदर्भातील घराचे खरे वैभव होते. बुरूड कारागिराने विणलेल्या बांबूच्या उंच, गोल टोपल्याला आतून-बाहेरून शेण आणि माती लिंपून ती तयार होई. खाली दगड किंवा लाकडी ओंडके देऊन ती जमिनीपासून उचललेली असे, म्हणजे पावसाळ्याची ओल वर चढत नसे आणि उंदरांनाही सहज वाट मिळत नसे. कुठे ती माजघरात असे, तर कुठे अंगणात किंवा घरामागच्या सांदवाडीत छपराखाली उभी असे. धानात कडुनिंबाचा पाला घालून वरचे तोंड लिंपून टाकले, की वर्षभराच्या भाताची निश्चिंती होई.

पुढे काळ पालटला. १९५७ साली महाराष्ट्र राज्य वखार महामंडळ आणि १९६५ साली भारतीय अन्न महामंडळ अस्तित्वात आले, आणि साठवण ही घराची जबाबदारी हळूहळू संस्थांकडे गेली. साठच्या दशकातील धान्य बचाव मोहिमेमुळे खेड्यापाड्यांत पत्र्याच्या कोठ्यांचा प्रसार झाला. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने दोन मातीच्या भिंतींमध्ये प्लास्टिकचा कागद घालून 'पुसा कोठी' तयार केली. आज भंडारा जिल्ह्यातील बहुतांश धान मळणीनंतर पोत्यांत भरून थेट आधारभूत खरेदी केंद्रावर किंवा भात गिरणीवर जातो. घरचा तांदूळ लागेल तसा पोत्यातून येतो. कुटुंबे लहान झाली, शेतीचे तुकडे पडले आणि दहा क्विंटलची ढोली भरण्याचे प्रयोजनच उरले नाही.

ढोलीसोबत आणखी एक गोष्ट मागे पडली, ती म्हणजे सांदवाडी. ज्या गृहिणीच्या हाती ढोलीचे झाकण होते, तिच्याच हाती मागच्या मांडवावरचे दोडके, बरबटीच्या शेंगा, सांभाराचा वाफा आणि भेदऱ्यांची रोपे असत. अंगणात फरशी आली, मागे गाडी उभी करण्याची जागा झाली आणि आठवडी बाजाराची पिशवी मोठी होत गेली. म्हणूनच रिकाम्या ढोलीचा प्रश्न हा अडगळीच्या प्रश्नाहून थोडा मोठा आहे. घरचे अन्न घरच्या नजरेखाली पिकवण्याची आणि साठवण्याची सवय राहील की जाईल, हे त्यात गुंतलेले आहे.

साठवणीची थोर परंपरा

साठवण ही मानवी संस्कृतीची फार जुनी खूण आहे. पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने केलेल्या उत्खननात ताम्रपाषाण युगातील वसाहतीत धान्य साठवण्याचे खड्डे आणि कणग्या ठेवण्याचे मातीचे गोल ओटे सापडले. गोरखपूर जिल्ह्यातील सोहगौरा येथील प्राचीन ताम्रपटात संकटकाळासाठी राखलेल्या कोठारांचा उल्लेख आहे. पन्हाळगडावरील अंबरखान्याची गंगा, यमुना आणि सरस्वती ही कोठारे आजही पाहणाऱ्याला थक्क करतात. १७७० च्या भीषण दुष्काळानंतर पाटणा येथे उभारलेले गोलघर १७८६ साली पूर्ण झाले, तेही धान्यासाठीच.

अशा वास्तूंचे मूळ काम संपल्यावर काय करावे, या प्रश्नाला जगात काही सुंदर उत्तरे मिळाली आहेत. जर्मनीतील ड्यूसबुर्ग शहरातला मायडरिश येथील लोखंडाचा कारखाना १९८५ साली बंद पडला. पेटर लाट्स या उद्यानरचनाकाराने तो पाडून टाकण्याऐवजी त्याचे उद्यान केले आणि ते १९९४ साली लोकांसाठी खुले झाले. ज्या जाड भिंतींच्या कप्प्यांत एकेकाळी खनिज साठवले जाई, त्या कप्प्यांत आता बागा आहेत, आणि वायू साठवण्याच्या जुन्या टाकीत पाणी भरून तिथे पाणबुडे सराव करतात. एवढ्या अजस्र वास्तूला जे जमले, ते सांदवाडीतल्या ढोलीला न जमण्याचे कारण नाही. मात्र त्यासाठी ढोलीचा स्वभाव समजून घ्यावा लागतो.

धान्याला नको ते रोपाला हवे

साठवणीचे प्रत्येक साधन एकाच हेतूने घडवलेले असते, तो म्हणजे ओलावा बाहेर ठेवणे. सरकारी खरेदीत धानातील ओलावा १७ टक्क्यांपर्यंत चालतो. बियाण्यासाठी मात्र तो १३ टक्क्यांच्या वर असू नये, असे मानक आहे. ओलावा वाढला की बुरशी येते आणि किडीला आमंत्रण मिळते. म्हणून ढोलीला लिंपण, कोठीला घट्ट झाकण आणि टाकीला गिलावा असतो.

रोपाची गरज याच्या उलट असते. त्याच्या मुळांना ओल हवी, हवा हवी आणि जादा पाणी निघून जाण्यास वाटही हवी. ज्या भांड्यात बाहेरचे पाणी आत शिरत नाही, त्यातून आतले पाणीही बाहेर पडत नाही. जुन्या कोठीत नुसती माती भरून रोप लावले आणि ते पंधरा दिवसांत कुजले, असा अनुभव अनेकांना येतो, त्याचे कारण हेच. त्यामुळे पहिला नियम असा, की साठवणीचे भांडे बागेत वापरण्यापूर्वी त्याला तळाशी पाणी निघण्याची वाट करून द्यावी.

याच साधनांचा एक गुण मात्र बागेलाही उपयोगी पडतो. तो म्हणजे जमिनीपासूनची उंची. भंडारा जिल्ह्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांत साधारण बाराशे ते चौदाशे मिलिमीटर पाऊस पडतो. धानाला हे पाणी मानवते, पण सपाट वाफ्यातील भाजी श्रावणापर्यंत पिवळी पडते आणि मुळे कुजतात. दीड फूट उंचीच्या वाफ्यातील भाजी त्याच पावसात तग धरते. धानाला ओलीपासून वाचवणारी उंची भाजीलाही वाचवते.

वजनाचा हिशेब

ढोलीत माती भरण्याआधी थोडे गणित करणे हिताचे आहे. चार फूट व्यासाची आणि पाच फूट उंचीची ढोली घेतली, तर तिचे घनफळ सुमारे ६३ घनफूट, म्हणजे पावणेदोन घनमीटरच्या आसपास भरते. तिच्यात साधारण दहा क्विंटल धान मावतो. तीच ढोली काठोकाठ ओल्या मातीने भरली, तर वजन तीस क्विंटलपर्यंत जाते. दहा क्विंटलसाठी विणलेला बांबू आणि रचलेले दगड तिप्पट भार सोसणार नाहीत. ढोली फुटेल आणि जवळ कोणी असल्यास इजाही होईल.

याच हिशेबाचे दुसरे टोक मोठे सोयीचे आहे. त्या ढोलीत केवळ दीड फूट उंचीपर्यंत माती भरली, तर वजन नऊ क्विंटलच्या आसपास राहते. म्हणजे धानाने भरलेल्या ढोलीइतकेच ओझे तिच्या बुडाला पेलावे लागते. बहुतेक भाज्यांना दीड फूट माती पुरेशी असते. सारांश, मातीची मर्यादा ढोलीच्या उंचीच्या एक तृतीयांशाहून कमी ठेवावी. ओली माती बाजूलाही दाब देते, म्हणून बाहेरून तारेचे किंवा जाड दोराचे दोन-तीन वेढे आवळून घ्यावेत.

ढोलीचा गोल वाफा

सर्वांत चांगला उपाय म्हणजे ढोली आडवी कापून तिची दीड-दीड फूट उंचीची कडी करणे. पाच फुटी ढोलीतून अशी तीन कडी निघतात. प्रत्येक कडे विटांच्या एका थरावर, बुडाविना, थेट जमिनीवर ठेवावे. म्हणजे पाणी जमिनीत मुरते आणि ओझ्याचा प्रश्नही उरत नाही. प्रत्येक कड्यातून साडेबारा चौरस फुटांचा वाफा मिळतो. चार फूट व्यास असल्याने कोणत्याही बाजूने दोन फूट हात पोहोचला की पुरे. गुडघे दुखणाऱ्या आजीलाही पाटावर बसून निंदणी करता येते.

तळाशी सहा इंच वाळक्या काड्या, नारळाच्या शेंड्या आणि तणस घालावे. त्यावर एक फूट माती आणि चांगले कुजलेले शेणखत यांचे मिश्रण भरावे. भंडाऱ्यात तणसाला तोटा नाही, परंतु त्यात कर्ब फार आणि नत्र कमी असते. नुसते तणस घातले तर ते कुजताना मातीतील नत्र ओढून घेते आणि रोपे फिकी पडतात. म्हणून तणसाच्या थरावर शेणाचा काला शिंपडून मगच माती टाकावी. पहिल्या काही आठवड्यांत भर खाली बसते, तेव्हा वरून पुन्हा खतमाती घालावी लागते.

दक्षिण आफ्रिकेने चहूबाजूंनी वेढलेल्या लेसोथो या डोंगराळ देशात दगडांचे असेच गोल उंच वाफे करतात. त्यांच्या मधोमध एक उभी टोपली असते. स्वयंपाकघरातील साली, देठ आणि भांडी विसळलेले पाणी त्या टोपलीत जाते आणि तिथून खत व ओलावा चहूकडे झिरपतो. ढोलीच्या कड्यात मध्यभागी जुनी बांबूची टोपली उभी पुरली, तर तीच रचना येथेही साधते. मात्र साबणाचे पाणी त्यात टाकू नये.

अशा वाफ्यात पावसाळ्यात दोडका, कारले किंवा बरबटीचे दोन-तीन वेल लावावेत. त्याहून अधिक लावल्यास एकमेकांचे अन्न हिरावले जाते. हिवाळ्यात तिथेच सांभार, मेथी, पालक आणि भेदरे येतात. कंदमुळे वर्ज्य असलेल्या घरांना ही उंच वाफ्याची पद्धत विशेष सोयीची आहे, कारण तिच्यात घेतली जाणारी बहुतेक पिके पाला, शेंगा आणि फळांची असतात. बांबू ओल्या मातीत फार वर्षे टिकत नाही. दोन-तीन हंगामांनंतर कडे मोडू लागते. तेव्हा त्याचे तुकडे त्याच वाफ्याच्या तळाशी घालावेत.

ढोली कापण्याचा जीव होत नसेल, तर ती छपरासह जागेवर उभी ठेवून तिच्या सभोवती वाल किंवा कोहळ्याचे वेल चढवावेत. बाहेरचे लिंपण खरवडल्यास उघडा पडलेला बांबूचा विणकाम वेलांना उत्तम आधार देतो. भाद्रपदात अशी ढोली हिरव्या घुमटासारखी दिसते.

पत्र्याची कोठी

पत्र्याच्या कोठीचा मुख्य शत्रू ऊन आहे. मे महिन्यात भंडाऱ्याचा पारा ४५ अंशांच्या घरात जातो. तेव्हा उघड्यावरच्या पत्र्यात भरलेली माती रोपाची मुळे अक्षरशः शिजवते. त्यामुळे कोठी पूर्वेच्या कोवळ्या उन्हाच्या बाजूस, झाडाच्या किंवा भिंतीच्या सावलीत ठेवावी आणि तिला बाहेरून पोते किंवा तट्टा गुंडाळावा. गांडूळखतासाठी ही कोठी कधीच वापरू नये. तापलेल्या पत्र्यात त्या मुक्या जीवांचे हाल होतात. त्यासाठी श्वास घेणारे ढोलीचे कडे आणि दाट सावलीच योग्य.

कोठी उभी कापल्यास दोन लांबट पन्हाळी मिळतात. त्यांत पालेभाजी छान येते. बुडापासून एक इंच वर, वीतभर अंतराने बोटाएवढी छिद्रे पाडावीत, म्हणजे तळाशी थोडी ओल टिकते आणि जादा पाणी वाहून जाते. कापलेल्या कडांना जुन्या रबरी नळीची पट्टी चिरून बसवावी, नाहीतर लहान मुलांचे हात कापतात. सुस्थितीतील कोठी न कापता कोरडी ठेवून बागेची अवजारे, दोर आणि बियाणे ठेवण्यासाठी वापरणे हा सर्वांत कमी खर्चाचा उपाय आहे.

सिमेंटची टाकी आणि जुना कोठा

सिमेंटच्या टाकीला तडा गेला असेल तर तिचा वाफा करावा, आणि ती पाणी धरत असेल तर पाण्याचीच बाग करावी. भंडारा हा तलावांचा जिल्हा. येथील माजी मालगुजारी तलावांत कमळे फुलतात आणि शिंगाड्याचे वेल पसरतात. त्याची लहान प्रतिकृती घरच्या टाकीत साधता येते. कमळाला दिवसाकाठी पाच-सहा तास ऊन आणि तळाशी चिकणमातीची टोपली एवढेच लागते. घरी गाय असेल, तर सावलीतल्या टाकीत वीतभरापेक्षा कमी पाणी ठेवून अझोला वाढवावा. ही तरंगणारी वनस्पती आपल्या सोबतच्या निळ्या-हिरव्या शेवाळाच्या साहाय्याने हवेतील नत्र स्थिर करते. ती जनावरांना खाऊ घालता येते आणि धानाच्या बांधीतही उपयोगी पडते.

साचलेल्या पाण्यात डास होतात, ही रास्त काळजी आहे. डासाच्या अंड्यापासून डास होण्यास साधारण आठ-दहा दिवस लागतात. नंतर मारत बसण्यापेक्षा तो जीव तिथे निर्माणच होऊ न देणे केव्हाही चांगले. टाकीवर बारीक जाळी घट्ट बसवावी. जाळी बसवणे जमत नसेल, तर पाण्याची बाग करण्याचा मोह आवरावा आणि टाकीला छिद्रे पाडून तिचा वाफाच करावा.

जनावरांचा रिकामा कोठा रोपवाटिकेसाठी उत्तम असतो. एका बाजूची कुडाची भिंत काढून तिथे हिरवी जाळी लावली, की उन्हाळ्यात रोपांना जपता येते. वर्षानुवर्षे शेण आणि गोमूत्र मुरलेली तिथली वरची माती अतिशय कसदार असते. ती थोडी थोडी करून वाफ्यांत मिसळावी. एकदम फार घातल्यास रोपे करपतात.

पेवाची गोष्ट वेगळी

धानाच्या ओलसर मुलुखात जमिनीखालची साठवण फारशी रुजली नाही, परंतु महाराष्ट्राच्या कोरड्या आणि घट्ट मातीच्या भागांत पेवांची परंपरा मोठी होती. सांगलीजवळील हरिपूर येथे हळद पेवांत साठवली जात असे. २००५ च्या महापुरात पाणी शिरून त्यांतील अनेक पेवे निकामी झाली. जमिनीखालच्या साठवणीला पूर किती घातक असतो, हे त्या घटनेने दाखवून दिले. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेचे पाणी भंडारा शहरात शिरले, तेव्हा उंचावर ठेवलेल्या वस्तूंचे मोल येथील घरांनाही नव्याने कळले.

नातेवाइकांच्या गावी असे पेव असेल, तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. बंद पेवाचे तोंड उघडून लगेच आत उतरणे हे जिवावर बेतणारे धाडस आहे. आत कर्बवायू साचलेला असतो आणि प्राणवायू अपुरा असतो. माणूस काही क्षणांत बेशुद्ध पडतो आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही. निकामी पेव वरूनच दगडगोटे, विटांचे तुकडे आणि वर वाळू घालून भरावे. स्वच्छ छताचे पावसाचे पाणी त्यात सोडले तर ते जमिनीत मुरते आणि कडेला लावलेली केळी किंवा पपई त्या ओलीवर वाढतात. घराच्या पायाला लागून असलेल्या पेवात मात्र पाणी सोडू नये. आणि उघडे पेव तसेच ठेवू नये.

हात लावण्यापूर्वी

वर्षानुवर्षे न हललेली ढोली माणसाला रिकामी वाटली, तरी ती खरोखर रिकामी नसते. तिच्या लिंपणात कुंभारमाशीचे घर असते, छपरात चिमणीचे किंवा खारीचे, तळाशी मुंग्यांचे आणि कधी सापाचेही. धूर करून किंवा औषध मारून ही वस्ती उठवण्याची घाई करू नये. पक्ष्यांची पिल्ले उडून जाईपर्यंत थांबावे. छपराची कौले किंवा गवत एका दिवशी, झाकण दुसऱ्या दिवशी आणि बाजूची अडगळ तिसऱ्या दिवशी असे हळूहळू काढले, तर बहुतेक जीव स्वतःहून वाट धरतात. काम दिवसाच्या लख्ख उजेडात करावे. साप दिसल्यास वन विभागाला किंवा जाणकार सर्पमित्राला बोलवावे.

दुसरी दक्षता रसायनांची. कोठीत पूर्वी धान्यात टाकण्याच्या विषारी गोळ्या वापरल्या असतील, तर ती अनेक दिवस उघड्यावर तोंड मोकळे ठेवून ठेवावी, आत वाकून पाहू नये आणि उरलेल्या भुकटीला उघडा हात लावू नये. ज्या डब्यात किंवा टाकीत कीटकनाशक अथवा तणनाशक ठेवले होते, त्यात खाण्याची भाजी कदापि लावू नये. तो कितीही धुतला तरी नाही. छपराचे जुने सिमेंटचे पन्हाळी पत्रे कापू किंवा फोडू नयेत. त्यांत ॲस्बेस्टॉस असू शकते आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते.

या सर्व कामाला उन्हाळा उत्तम. चैत्र-वैशाखात मोडणी, कापणी आणि वाळवण उरकावी, ज्येष्ठात भर घालावी आणि मृगाच्या पहिल्या पावसावर वेलांच्या बिया टोकाव्यात.

एक कोपरा बियाण्यासाठी

सर्व ढोल्यांचे वाफे करावेत, असे मात्र सुचवायचे नाही. घरात तीन असतील तर त्यांतील सर्वांत लहान आणि धड असलेली ढोली नव्याने लिंपून तिच्या मूळ कामालाच ठेवावी. भंडाऱ्याच्या चिन्नोर तांदळाला आज भौगोलिक मानांकन लाभले आहे. असे सुवासिक वाण शतकानुशतके टिकले ते घराघरांत पुढच्या हंगामासाठी राखून ठेवलेल्या बियाण्यामुळे. परसबागेतही तेच करावे. दोडक्याचे एक फळ वेलावरच वाळू द्यावे, वालाची पहिली भरलेली शेंग खुडू नये आणि भोपळ्याच्या बिया धुऊन सावलीत सुकवाव्यात. त्या राखेत मिसळून लहान मडक्यात भराव्यात आणि ते मडके ढोलीत ठेवावे. बाहेरच्या वाफ्यातले पीक आणि आतले बियाणे यांचे चक्र मग पुन्हा सुरू होते.

हिशेबशास्त्रात एक जुना प्रघात आहे. एखाद्या मालमत्तेवर पूर्ण घसारा आकारून झाला, तरी ती वापरात असेपर्यंत वहीत तिची किंमत एक रुपया दाखवतात. ती वस्तू अजून आपल्याकडे आहे, एवढी नोंद त्या एका रुपयाने राहते. सांदवाडीतल्या ढोलीची बाजारातील किंमत आज त्याहून फारशी अधिक नाही. पण तिच्यातून वर्षभर भाजी निघाली, नातवंडांना बी पेरण्याचे वेड लागले आणि आजीला पुन्हा एकदा झाकण उघडून मूठभर बी काढून देण्याचा मान मिळाला, तर त्या जमेची नोंद करायला कोणत्याही वहीत रकाना सापडणार नाही.

येत्या उन्हाळ्यात गावी गेल्यावर घरामागे एक फेरी जरूर मारावी. अडगळ भंगारवाल्याच्या स्वाधीन करण्यापूर्वी तिच्या बुडाशी वाकून पाहावे, कोण राहते ते पाहावे, आणि मग घरातील सर्वांत वडील व्यक्तीला विचारावे, की या ढोलीत पूर्वी काय काय असे. ते उत्तर ऐकताना बागेत काय लावावे, हेही बहुधा कळून येईल.